श्रावणातला उपाशी तारामासा

तारामासा आणि प्रवाळ घरातल्या एकाच काचेच्या टाकीत ठेवले तर चालतील का, असं मला कोणी विचारलं तर मी उलट विचारते, "तुमच्याकडे श्रावण पाळतात का?" विचारणारा हसतो. हसो बापडा. आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर मिळालं तेव्हा हसण्यासारखं काहीच नव्हतं.

गोवा राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती. आम्ही पेडण्यात राहायचो आणि मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवत असे. घरात कोकणी, शाळेत मराठी, देवापुढे मराठी, आणि तिठ्यावर पुरुषमंडळींचा वाद की यातली आपली नेमकी कुठली. आमच्या घरात मात्र कुठल्याच भाषेत फारसं बोलणं होत नव्हतं. माझा नवरा बोटीवर इंजिनखात्यात होता. बोटीला आग लागली, त्याच्या शेजारी काम करणारा सोबती गेला आणि हा घरी आला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. येणारा जाणारा म्हणे, देवाची कृपा. मी मनात म्हणायची, अरे मेल्यांनो, कृपा आहे तर हा माणूस घास हातात धरून तासभर बसतो कशाला?

एकदा जेवताना तो एवढंच म्हणाला, "हांव कित्याक आयलों?" मी का आलो. सासूच्या हातातली कढीची वाटी कलंडली. त्या दिवसापासून घरातल्या गोळ्या मी शाळेच्या पिशवीत घालून फिरू लागले, आणि तो विहिरीकडे गेला की काहीतरी निमित्त काढून मागोमाग जाऊ लागले. भीती कसली ते सासूला ठाऊक होतं, मलाही. तो शब्द मात्र आम्ही दोघींनी तोंडातून बाहेर काढला नाही.

मग एके दिवशी तो केरीच्या किनाऱ्यावरून बाल्दी घेऊन आला. बाल्दीत समुद्राचं पाणी आणि पाण्यात एक ओबडधोबड तपकिरी दगड. कोणाच्या तरी जाळ्यात अडकून वर आला होता आणि जाळंवाला तो फेकून देत होता. मी म्हटलं, "अहो, पेडण्यात दगडांचा दुष्काळ पडला की काय?" शुक्रवारी म्हापशाला जाऊन त्याने काचा कापून आणल्या, स्वतः चिकटवून टाकी केली, हवा सोडणारा पंप लावला, वर ट्यूबलाइट बसवली. बाहेरच्या खोलीतलं जेवणाचं मेज हलवून तिथे टाकी आली. दोन तीन दिवस दगड दगडच राहिला. मग एका सकाळी त्याने मला हाताला धरून नेलं. दगडावर बटणाएवढी फुलं उमलली होती, हिरवट, मधे पिवळी, आणि पाण्याबरोबर डुलत होती.

"पळय," तो म्हणाला, "जिवें आसा."

जिवंत आहे. आपणहून बोललेलं कित्येक महिन्यांतलं ते त्याचं पहिलं वाक्य. मला त्या दगडाच्या पाया पडावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. तेव्हापासून तो सकाळी उठू लागला. ट्यूबलाइट लावायची असते म्हणून उठायचं, पाण्याचा खारटपणा बघायचा असतो म्हणून तोंड धुवायचं, केरीहून पाणी आणायचं असतं म्हणून स्कूटर काढायची. त्या प्रवाळावर आमचं घर चाललं होतं. तो दगड मेला असता तर पुढे काय, याचा विचार मी करत नसे, म्हणजे सारखा करत असे.

पावसाच्या तोंडावर तारामासा आला. तळहाताहून मोठा, करड्या रंगाचा, पाठीवर लाल गाठी. ट्रॉलरवाल्याने जाळं झाडलं तेव्हा वाळूत पडला होता. सासूने बघताच नाव ठेवलं, नखेत्र. आमच्याकडे चांदणीला नखेत्र म्हणतात. मला तो बघताक्षणी आवडला नाही. आयत्या बिळावर नागोबा!

"हा प्रवाळाला काही करणार नाही ना?" मी विचारलं.

तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, बारीक गुळगुळीत हातांचे काही तारामासे निरुपद्रवी असतात, शेवाळ खाऊन राहतात. पण हे जाडे, गाठींचे, यांचा भरवसा नाही. भूक लागली की प्रवाळावर चढतात, पोट बाहेर काढून त्याच्यावर पसरतात आणि जागच्या जागी जिरवतात.

"आणि हे माहीत असून तुम्ही घरात आणलात?"

"वाळवेर मरतालो," तो म्हणाला. "हांव पळयत रावूं?"

मरत होता, मी नुसता बघत राहू? आगीत काय झालं, कोण कोणाला बघत राहिला, हे त्याने कधी सांगितलं नव्हतं आणि विचारायची माझी छाती नव्हती.

त्याचा हिशोब साधा होता. पोट भरलेलं असलं की हा कोणाच्या वाटेला जात नाही. दर एक दोन दिवसांनी बाजारातून तिसऱ्या आणायच्या, एक शिंपली उघडून चिमट्याने त्याच्या हाताखाली सरकवायची. तारामासा तिच्यावर बसून राही आणि दुसऱ्या दिवशी रिकामी शिंपली बाजूला पडलेली असे. प्रवाळाकडे तो फिरकलासुद्धा नाही. उरलेल्या तिसऱ्यांचं सुकं आम्ही खात होतो. मला वाटू लागलं, उगाच आपण तोंड वाजवलं, नांदताहेत की दोघं सुखाने.

आणि श्रावण आला.

आता इथे सासूबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे श्रावणात नुस्तं, म्हणजे मासळी, बहुतेक घरांत वर्ज्य असते, त्यात नवल नाही. पण सासूचं शिवराक, म्हणजे शाकाहार, साधं नव्हतं, नवसाचं होतं. बोटीला आग लागल्याचा निरोप आला आणि पोरगा जिवंत की मेला ते कळत नव्हतं, तेव्हा तिने देवीपुढे पदर पसरला होता. माझा मुलगा परत दे, मी असेपर्यंत श्रावणाचा अख्खा महिना नुस्तं या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. मुलगा परत आला. तिच्या लेखी तो बोटीवरच्या कोणामुळे नव्हे, या बोलीमुळे आला होता, आणि बोली मोडली तर देवी दिलेलं परत नेईल, इतकं ते सरळ होतं. टाकीत त्याने मधे दोन लहान मासेही सोडले होते, शेवाळ खरवडून जगणारे; ते तिने चालवून घेतले. जिवंत आहे ते नुस्तं नव्हे. पण मारलेली तिसरी म्हणजे नुस्तंच.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी मी विषय काढला. "आई, नखेत्राक कितें घालपाचें?"

"आमी खाता तें. शीत घाल."

"तो भात खात नाही."

"भूक लागली म्हणजे खाता," सासू म्हणाली. मुलं वाढवलेल्या बाईचं उत्तर.

मी नवऱ्याकडे वळले. टाकी ओसरीवर न्या, उंबऱ्याबाहेर. तो म्हणाला, एवढं पाणी काढून परत भरलं तर प्रवाळ टिकणार नाही. मी म्हटलं, मग तारामासा समुद्रात सोडा. तर म्हणे, पावसाळी दर्या त्याला परत वाळूवर फेकील, श्रावण सरला की होडीवाल्याकडून खोल पाण्यात सोडीन. मग बाल्दीत ठेवा मेल्याला! बाल्दीत ठेवून बघितला, एका रात्रीत त्याचे हात मऊ पडले, तेव्हा घाईघाईने परत टाकीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

"मग आईला सांगा की सरळ, एक महिना एक शिंपली येऊ दे."

"ना," तो म्हणाला. "तिणें म्हजे खातीर धरलां. तिका दुखवपाचें ना."

झालं. मुलासाठी आईचा नवस आणि आईसाठी मुलाचं मौन, आणि मधे मी, दोघांवर करवादणारी. मी पालक घातला. उकडलेला वाटाणा घातला. तारामासा त्यांच्यावरून चालत गेला, ढुंकूनही पाहिलं नाही. पाणी तेवढं गढुळलं. नवरा बसून बघत राही. पहिल्या आठवड्यात तारामासा वाळूवरच होता. मग काचेवर फिरू लागला, रोज थोडा थोडा दगडाच्या बाजूला. शाळेतून आले की चपला काढायच्या आधी मी खिडकीतून बघायची, कुठे आहे तो.

मला सासूचा राग येत होता, नवऱ्याचा येत होता, देवीचासुद्धा येत होता. देवीला काय शिंपल्या मोजायच्या आहेत?

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पाऊस लागून राहिला होता. नवरा दुपारी कॅन बांधून केरीला गेला, समुद्राचं पाणी आणायला. पावसात तेरेखोलच्या नदीचं गोडं पाणी मुखाशी मिसळतं, म्हणून तो किनाऱ्याने पुढे खडकांपर्यंत जाई आणि लाट येईल तसा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून कॅन भरी. मी नको म्हटलं होतं. मला त्याच्या बुडण्याची तेवढी भीती नव्हती, पोहायला तो पक्का होता. मला भीती होती ती पाण्यात उभं राहून त्याला बाहेर येऊ नयेसं वाटलं तर याची.

तांदूळ निवडता निवडता माझी नजर टाकीकडे गेली आणि सूप हातातून सुटलं. तारामासा दगडावर होता. पाचही हात पसरून, मधोमध. त्याच्या कडेची फुलं मिटली होती, आणि एका हाताखालून दगड पांढरा दिसत होता. हाडासारखा पांढरा.

"आई!"

मी बाह्या सावरून हात घातला आणि त्याला ओढलं. तो सुटेना, दगडच वर येऊ लागला. तेवढ्यात नवऱ्याचं बोलणं आठवलं. पोट बाहेर काढलेलं असताना ओढलं तर ते फाटतं, फाटलं की सडतं, आणि त्या सडक्या पाण्यात संध्याकाळपर्यंत टाकीतलं काहीही वाचत नाही. मी हात काढून घेतला. सासू मागे येऊन उभी होती.

"कितें जालें?"

"खातोय तो! तुमचा शिवराक नखेत्र प्रवाळ खातोय! बघा! डोळे भरून बघा!" मी ओरडले. सासूवर असं मी त्याआधी ओरडले नव्हते. "आता तुमचा मुलगा येईल आणि हे बघेल. मग काय करायचं ते तुमच्या देवीला विचारा!"

ती टाकीला हात लावून वाकली आणि बघत राहिली. मी बोलतच होते. त्या दगडासाठी तो उठतो, आई. आणखी कशासाठी उठत नाही. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी नाही. हा पांढरा झाला की तो उद्या उठणार नाही. बोलता बोलता मला रडू फुटलं.

"कितें दिल्यार सोडटलो?" सासूने विचारलं. काय दिलं तर सोडेल.

"तिसरी," मी म्हटलं. "वास आला की सरकतो. पण..."

ती आत गेली. मला वाटलं देवासमोर बसायला गेली. ती छत्री घेऊन बाहेर पडली. बाजार पाच मिनिटांवर होता. आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, त्या बाईचा नवस अख्ख्या वाड्याला माहीत होता. श्रावणात ती बाजाराच्या मासळीच्या टोकाला पाऊलही टाकत नसे. भर दुपारी ती मासळीवालीपुढे जाऊन उभी राहिली आणि पदराखाली पुडी घेऊन परत आली. उंबऱ्याशी थांबली. मी बघत होते. मला वाटलं, पुडी माझ्या हातात देईल, पाप निदान अर्धं तरी वाटून घेईल. मी हात पुढे केला.

"तूं नाका," ती म्हणाली. "बोली म्हजी."

आणि उजवा पाय उचलून तिने उंबरठा ओलांडला.

आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून तिने शिंपली उघडली. दोनदा पातं निसटलं. मग कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तिने ती उघडी शिंपली तारामाशाच्या हाताच्या टोकाशी धरली. चिमटा नको म्हणाली. तशीच उभी राहिली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि तिचा मुलगा त्या वेळी केरीला समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. नेमक्या त्याच वेळी तिने नवस मोडला होता. हे मला तेव्हा कळलं. तिला ते आधीपासून कळत होतं. तिचे ओठ हलत होते, पण ती स्तोत्र म्हणत नव्हती. "म्हाका वर, म्हाका वर," एवढंच मला ऐकू आलं. मला ने.

तारामासा हलेना. वेळ जाता जात नव्हता. मी एकदा टाकीकडे बघायची, एकदा रस्त्याकडे. नवरा यायची वेळ टळून गेली. सासूचा हात गार पडून सुरकुतला. मी म्हटलं, मी धरते. तिने मान हलवली. शेवटी एका हाताचं टोक वळलं, शिंपलीला लागलं, मागे गेलं, परत आलं. मग दुसरा हात. सासूने शिंपली बोटभर मागे घेतली. तो बोटभर पुढे आला. गोठ्यात वासराला पेंडेवर चालवतात तशी ती त्याला दगडावरून खाली आणत होती. शेवटचा हात सुटला आणि तो शिंपलीसकट वाळूवर बसला. दगडावर तळव्याएवढा भाग पांढरा पडला होता. बाकीचा शाबूत होता.

"सुटलो," मी म्हटलं. सुटला एकदाचा.

सासूने हात बाहेर काढला नाही. रस्त्याकडे बघून म्हणाली, "तो खंय आसा?"

त्यानंतरची वाट मला सांगता येत नाही. ती ओल्या हाताने दारात उभी राहिली. पावसाचे शिंतोडे आत येत होते. मी म्हटलं, आत या, ती आली नाही. एका स्कूटरचा आवाज आला, पुढे गेला. दुसऱ्या स्कूटरचाही तसाच गेला. तिसरी आमच्या दारात थांबली आणि तो उतरला, डोक्यापासून पायापर्यंत चिंब. चाक पंक्चर झालं होतं म्हणाला. सासूने त्याचा दंड धरला, मग दुसरा दंड धरला, मग चाचपत गळ्यापर्यंत गेली. तिच्या हाताला तिसऱ्यांचा वास येत होता. तो त्याला आला. त्याने आईकडे बघितलं, आदोळीजवळच्या शिंपल्यांकडे बघितलं, मग टाकीकडे गेला आणि तो पांढरा डाग बघत उभा राहिला.

"आई, तुजो नवस?"

"मोडलो," सासू म्हणाली. "हांवें मोडलो. आतां तूं सांबाळून राव."

त्याने आईचे दोन्ही हात धरून तिला नळाखाली नेलं आणि साबण लावून ते धुतले, बोटांच्या फटींतून, नखांतून, लहान पोराचे धुवावेत तसे. ती उभी राहून रडत होती.

नंतरचे दिवस वाईट होते. सासूला झोप नव्हती. तो उंबऱ्याबाहेर गेला की ती दाराशी जाऊन उभी राही, तो येईतो बसत नसे. पोदेराकडे पाव आणायला गेला तरी तेच. त्याला शिंक आली तर तिचा चेहरा उतरायचा. तारामाशाला रोज शिंपली मिळत होती, मोडला तो मोडला म्हणून ती स्वतःच आणत होती. पुढे होडीवाल्याकडून तो खोल पाण्यात सोडला. प्रवाळाचा पांढरा भाग तसाच राहिला, पण बाजूची फुलं पुन्हा उघडू लागली.

नवस मोडला त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी चुलीपुढे होते. तो आत येऊन पाटावर बसला. म्हणाला, "आई भियेल्या."

"मग, भिणार नाही? तुम्हाला काही झालं तर ती म्हणेल, माझ्या हाताने झालं."

"तेंच." त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. "म्हाका आतां मरपाक मेळचें ना."

आता मला मरायला मिळायचं नाही. दूध संपलंय, असं सांगावं तसं तो म्हणाला. तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि तोही असा. मी भाताची पळी चुलीवर आदळली. इतके महिने मी गोळ्या पिशवीत घेऊन फिरले, विहिरीवर मागोमाग धावले, आणि या माणसाला जगायचं कारण मिळालं ते हे! माझी संतापाने लाही लाही झाली आणि मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"आईसाठी तर आईसाठी," मी रडत रडत म्हटलं. "माझी ना नाही."